सात सेकंद, वीस सेकंद आणि शून्य रॉयल्टी

आजचा भाग ऐकायचा राहिला असेल, तर त्याचं हे लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त थोडी झाडलोट केली आहे.

आजचा प्रश्न सोपा वाटेल. जगाच्या संगीतावर सगळ्यात जास्त प्रभाव टाकणारा ड्रमर कोण?

हा प्रश्न कुठल्याही ग्रुपमध्ये टाका, भांडण ठरलेलं. एकजण बीटल्सच्या रिंगो स्टारचं नाव घेईल. दुसरा म्हणेल, लेड झेपेलिनच्या जॉन बोनमसमोर बाकी सगळे पोरं. जॅझवाला बडी रिच किंवा मॅक्स रोचवर अडून बसेल. सगळी नावं मोठी आहेत, वादच नाही.

पण आपण आज मोजपट्टी बदलू. ‘कोणाचा ड्रम किती जणांनी ऐकला’ एवढंच न बघता असं विचारू, की कोणाचं प्रत्यक्ष वाजवणं, म्हणजे त्याच्या हातातून निघालेला तोच आवाज, सगळ्यात जास्त इतरांच्या गाण्यांत वाजतोय? असं विचारलं की यादी एकदम छोटी होते. वर दोन माणसं उरतात. एकाचं नाव ग्रेगरी कोलमन, दुसऱ्याचं क्लाइड स्टबलफील्ड.

नावं ऐकली नसतील. पण वाजवणं ऐकलंय, हे मी पैजेवर सांगतो. लहानपणी कार्टून नेटवर्कवर ‘पॉवरपफ गर्ल्स’ बघितलंय ना? त्याच्या टायटल म्युझिकमध्ये जो ड्रम धडधडतो, तो कोलमनचा. १९६९ सालचा.

आणि आजची खरी गोष्ट पुढेच आहे. हजारो गाण्यांत वाजलेल्या या दोघांना त्या वाजवण्याबद्दल रॉयल्टी मिळाली शून्य. कुणी मोठी चोरी केली, दरोडा घातला, असंही नाही. पद्धतच अशी होती, की ताल वाजवणारा माणूस हिशेबात धरलाच जात नव्हता. ती पद्धत कशी होती, ते आज बघू.

आधी ‘ब्रेक’ म्हणजे काय ते समजून घेऊ

तमाशात किंवा लावणीत एक क्षण येतो बघा. गाणारी थांबते, पेटी थांबते, आणि ढोलकीवाला एकटा सुटतो. आठ-दहा सेकंद फक्त ढोलकी. शिट्ट्या तिथेच पडतात. मग बाकीचे परत येतात आणि गाणं पुढे जातं.

अमेरिकेतल्या सोल आणि फंक संगीतात याच जागेला ‘ब्रेक’ म्हणतात. सगळे वादक थांबतात आणि ड्रमर एकटा वाजवतो. त्यात गाणं नाही, गिटार नाही, काहीच नाही. नुसता ताल. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. ज्या आवाजात दुसरं काहीच मिसळलेलं नाही, तो आवाज उचलून कुठल्याही दुसऱ्या गाण्याखाली अंथरता येतो.

सात सेकंद : ग्रेगरी कोलमन

द विन्स्टन्स नावाचा एक बँड होता, वॉशिंग्टन डीसीचा. रिचर्ड स्पेन्सर हा त्याचा म्होरक्या, गायक आणि सॅक्सोफोन वाजवणारा. ड्रमवर कोलमन. १९६९ मध्ये त्यांचं ‘कलर हिम फादर’ हे गाणं आलं. सावत्र बापावर मनापासून प्रेम करणाऱ्या मुलाचं गाणं. ते अमेरिकेत पहिल्या दहात गेलं आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमीही मिळालं.

आता त्या काळी सिंगल म्हणजे छोटी तबकडी. एका बाजूला हिट गाणं, आणि मागची बाजू रिकामी कशी सोडणार? म्हणून तिथे काहीतरी भरायचं. विन्स्टन्सनी भरलं ‘आमेन, ब्रदर’. चर्चमधल्या जुन्या ‘आमेन’ या गाण्याच्या चालीवर बेतलेला, बिनशब्दांचा, झटपट रेकॉर्ड केलेला तुकडा. तो लांबीला कमी पडत होता, म्हणून मध्ये ड्रमचा ब्रेक घातला. म्हणजे जगातला सगळ्यात जास्त वापरला गेलेला ब्रेक हा मुळात जागा भरण्यासाठी वाजवलेला आहे!

गाणं लावलंत तर साधारण १ मिनिट २६ सेकंदांवर कान द्या. बाकीचे थांबतात, आणि कोलमन चार आवर्तनं वाजवतो. जेमतेम सात सेकंद. पहिली दोन आवर्तनं सरळ, गाण्यात चाललेलाच ठेका. तिसऱ्यात तो स्नेअरचा एक ठोका किंचित उशिरा टाकतो, आणि आपला पाय अडखळतो. चौथ्यात तर पहिली मात्रा चक्क रिकामी सोडतो. जिथे सम अपेक्षित आहे तिथे शांतता! मग आडवे-तिडवे दोन-चार ठोके, आणि ठरल्यापेक्षा लवकर झांज फुटते. सात सेकंदांत सरळपणाही आहे आणि खोडीही.

त्यावेळी याकडे कुणाचंही लक्ष गेलं नाही. बँडमध्ये काळे-गोरे एकत्र होते, आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात अशा बँडला कार्यक्रम मिळणं कठीण जात होतं. १९७० मध्ये बँड फुटला. तबकडीची मागची बाजू विस्मरणात गेली.

वीस सेकंद : क्लाइड स्टबलफील्ड

दुसरा माणूस टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावचा. जन्म १९४३. ड्रम शिकवायला कुणी गुरू नाही. तो नंतर सांगायचा, की गावातल्या कारखान्यांचा ठकठकाट आणि रुळांवरून जाणाऱ्या आगगाड्यांचा खडखडाट हेच त्याचे धडे. १९६५ मध्ये तो जेम्स ब्राउनच्या बँडमध्ये आला.

जेम्स ब्राउन म्हणजे त्या काळचा सोल संगीताचा राजा, आणि बँडला शिस्त लष्करासारखी. कुणी स्टेजवर सूर चुकला, की दंड. पगारातून कापायचे. बँडमध्ये दुसरा जबरदस्त ड्रमर होता जॉन ‘जॅबो’ स्टार्क्स. जॅबोचं वाजवणं स्वच्छ आणि भक्कम, क्लाइडचं गुंतागुंतीचं. १९६७ चं ‘कोल्ड स्वेट’ ऐका. क्लाइडचा ड्रम तिथे साथीला नाही, गाणं त्याच्याच खांद्यावर उभं आहे.

२० नोव्हेंबर १९६९. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात बँड स्टुडिओत होता. क्लाइडने एक ठेका धरला, बाकीचे एकेक करून त्यात शिरले, आणि त्यातून ‘फंकी ड्रमर’ तयार झालं. पाच मिनिटं उलटून गेल्यावर ब्राउन बँडला सांगतो, की आता ड्रमरला मोकळं सोडा. आणि ड्रमरला सांगतो, सोलो वाजवू नकोस, आहे तेच वाजवत राहा. मग सगळे थांबतात, आणि आठ आवर्तनं, साधारण वीस सेकंद, फक्त क्लाइड.

यात काय विशेष? मुख्य ठोके तर दोन-तीनच आहेत. जादू आहे मधल्या ठोक्यांत. स्नेअरवर तो काठी इतकी हळू टेकवतो की ठोका ऐकू येण्याआधी जाणवतो. ड्रमर लोक त्यांना ‘घोस्ट नोट’ म्हणतात. तबला ऐकणाऱ्यांना हे पटकन कळेल. ठेक्याच्या ठळक बोलांमधल्या जागा तबलजी जशा हलक्या बोटांनी भरतो, तसंच हे. त्या हलक्या ठोक्यांमुळे ठेका नुसता चालत नाही, तरंगतो.

मार्च १९७० मध्ये गाणं सिंगलवर दोन भागांत आलं. रचनाकार म्हणून नाव छापलं गेलं जेम्स ब्राउन. क्लाइड हा नोकरीतला वादक होता. ठरलेले पैसे मिळाले, विषय संपला. त्याला स्वतःलाही हे गाणं फारसं आवडत नव्हतं! रोजच्या कामातला एक दिवस, एवढंच त्याच्या लेखी.

तबकडी परत फिरली

आता जरा मागे-पुढे जाऊ. ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स भाग, १५२० सेजविक अव्हेन्यू ही इमारत. तिथल्या एका पार्टीत कूल हर्क नावाचा जमैकाहून आलेला तरुण गाणी वाजवत होता. त्याच्या लक्षात आलेलं होतं, की पोरं गाण्यावर नाचतात, पण ब्रेक आला की वेडी होतात. ब्रेक मात्र काही सेकंदांत संपतो. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या. एकीवरचा ब्रेक संपला, की दुसरीवरचा सुरू. तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. सात सेकंदांचा ब्रेक पाच मिनिटं चालवायचा! हिपहॉपचा जन्म लोक इथून मोजतात.

पण हे झालं हाताने. खरा स्फोट झाला ऐंशीच्या दशकात, आणि त्याला तीन गोष्टी कारणीभूत होत्या.

पहिली, १९८६ मध्ये ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ नावाची तबकड्यांची मालिका आली. डीजे लोकांसाठी जुनी ब्रेकवाली गाणी एकत्र केलेली. त्यात ‘आमेन, ब्रदर’ होतं. सतरा वर्षं धूळ खात पडलेलं गाणं एकदम प्रत्येक डीजेच्या पेटीत पोचलं. त्याच वर्षी ‘इन द जंगल ग्रूव्ह’ हा जेम्स ब्राउनच्या जुन्या गाण्यांचा संग्रह आला, त्यात ‘फंकी ड्रमर’ होतं.

दुसरी गोष्ट, सॅम्पलर. एसपी-१२०० हे मशीन १९८७ मध्ये आलं. कुठलाही आवाज त्यात भरायचा आणि बटण दाबून हवा तसा वाजवायचा. पण मेमरी किती? सगळी मिळून दहा सेकंदांच्या आसपास! आज आपल्या फोनमध्ये दहा सेकंदांचा व्हॉइस मेसेज म्हणजे काहीच नाही. तेव्हा पोरं रेकॉर्ड मुद्दाम जास्त स्पीडने वाजवून मशीनमध्ये भरायची आणि आत गेल्यावर परत हळू करायची, म्हणजे कमी जागेत जास्त मावेल. अशा मशीनला पूर्ण गाणं नको होतं. त्याला हवा होता छोटा, स्वच्छ, दुसरं काही न मिसळलेला तुकडा. म्हणजे ब्रेकच.

तिसरी गोष्ट, पोरांकडे ड्रमसेटही नव्हता आणि ड्रमरला द्यायला पैसेही नव्हते. पण बापाच्या जुन्या तबकड्या घरात होत्या.

मग काय! १९८८ मध्ये एन.डब्ल्यू.ए.च्या ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’मध्ये कोलमन वाजला. १९८९ मध्ये पब्लिक एनिमीचं ‘फाइट द पॉवर’ स्पाइक लीच्या ‘डू द राइट थिंग’ सिनेमासाठी आलं, त्यात क्लाइड. एलएल कूल जेच्या ‘मामा सेड नॉक यू आउट’मध्ये क्लाइड, आणि जॉर्ज मायकलच्या ‘फ्रीडम! ’९०’मध्येही तोच.

आणि समुद्रापलीकडे ब्रिटनमध्ये नव्वदच्या सुरुवातीला अजून वेगळंच घडलं. तिथल्या पोरांनी कोलमनचा ब्रेक प्रचंड वेगात पळवला, प्रत्येक ठोका कापून सुटा केला आणि पत्त्यांसारखा पिसून पुन्हा लावला. त्यातून जंगल, आणि पुढे ड्रम अँड बेस, असे संगीताचे अख्खे प्रकार उभे राहिले. सात सेकंदांमधून! म्हणून मी म्हणतो, प्रभावाची मोजपट्टी लावायची तर इथे लावा.

पैसे कुठे गेले?

आता हिशेबाकडे येऊ. हा भाग थोडा रुक्ष आहे, पण नीट ऐका. तुमच्यातलं कुणी घरी बसून बीट्स बनवत असेल, तर त्याच्या कामाचा आहे.

एका रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर ढोबळमानाने दोन हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे चाल आणि शब्द. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे ती प्रत्यक्ष रेकॉर्डिंग. रचनेचा हक्क गीतकार-संगीतकाराकडे, रेकॉर्डिंगचा बहुतेक वेळा कंपनीकडे. आता यात ड्रमर शोधा. चाल त्याची नाही, शब्द त्याचे नाहीत, रेकॉर्डिंग कंपनीची. त्याने काय केलं? ठेका धरला. आणि ठेका ही ‘रचना’ मानली जात नव्हती.

सुरुवातीची काही वर्षं तर सॅम्पल घेताना कुणी कुणाला विचारतच नव्हतं. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल लागला. त्याने गिल्बर्ट ओ’सुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगी न घेता वापरला होता. त्यानंतर मोठ्या कंपन्या घाबरल्या आणि परवानगी घेऊन पैसे देऊ लागल्या. चांगलं झालं, नाही? पण पैसे कुणाला? हक्कधारकाला. ‘फंकी ड्रमर’साठी पैसे द्यायचे झाले, तर ते जेम्स ब्राउनच्या बाजूला आणि कंपनीला जाणार. ज्याच्या वीस सेकंदांसाठी हा व्यवहार चाललाय, तो क्लाइड कागदावर कुठेच नाही.

कोलमनची गोष्ट तर आणखी अवघड. ‘आमेन, ब्रदर’चे हक्क होते बँडच्या स्पेन्सरकडे. त्यालाही काही मिळालं नाही, कारण त्याला पत्ताच नव्हता. १९९६ मध्ये एका ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने मूळ टेप मागायला त्याला फोन केला, तेव्हा कळलं की आपला तुकडा जगभर वाजतोय. तोवर दावा लावण्याची मुदत निघून गेलेली.

ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये अटलांटात वारला. बेघर होता, कफल्लक होता. आपल्या सात सेकंदांचं जगाने काय केलं, हे त्याला कधी कळलं का, यावर स्पेन्सरलाही शंकाच होती.

क्लाइड विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला स्थायिक झाला. तिथल्या क्लबमध्ये वर्षानुवर्षं सोमवारी रात्री वाजवायचा. त्याला कॅन्सर झाला, पुढे मूत्रपिंडं साथ देईनात. दवाखान्याची बिलं चढली. त्यातलं सुमारे ९० हजार डॉलरचं बिल गुपचूप कुणी भरलं, तर गायक प्रिन्सने. तो क्लाइडचा चाहता होता. ही गोष्ट बाहेर आली २०१६ मध्ये, प्रिन्स गेल्यावर. आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये क्लाइडही गेला. ७३ वर्षांचा होता. नंतर विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्याला मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली.

२०१५ मध्ये ब्रिटनमधल्या दोन डीजेंनी स्पेन्सरसाठी ऑनलाइन वर्गणी काढली आणि सुमारे २४ हजार पाउंड जमवून दिले. छान केलं. पण बघा हं, प्रिन्सने भरलेलं बिल काय किंवा ही वर्गणी काय, दोन्ही उपकार आहेत. समोरच्याचं मन मोठं होतं म्हणून मिळालं. हक्काचं असतं, तर मागावं लागलं नसतं आणि कुणाच्या मनावरही अवलंबून राहावं लागलं नसतं.

पण मग ताल कुणाच्या मालकीचा असावा का?

इथे एक प्रामाणिक अडचण आहे, ती टाळून चालणार नाही.

समजा उद्या तीनतालावर कुणी मालकी सांगितली तर? प्रत्येक तबलजीने धा धिं धिं धा वाजवायच्या आधी पैसे भरायचे? संगीतच बंद पडेल. ताल वाहता असतो म्हणून जगतो. क्लाइडने जे वाजवलं, त्यातही चर्चमधले, न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरचे, कितीतरी जणांचे ठेके मिसळलेले होते. आणि सॅम्पल करणारी ब्रॉन्क्सची, लंडनची पोरं तरी कुठे श्रीमंत होती? त्यांनी त्या सात सेकंदांतून नवं जग बनवलं. ते झालं नसतं, तर कोलमनचं नाव आज आपण घेतलंही नसतं.

हे सगळं मान्य. पण तीनताल कुणाचाच नाही, आणि झाकीर हुसेन यांनी एखाद्या रात्री वाजवलेला तीनताल मात्र त्यांचा आहे, हा फरक आपल्याकडच्या कुठल्याही श्रोत्याला न सांगता कळतो. ठेका सगळ्यांचा, हात एकाचा. सॅम्पलरने ठेका घेतला नव्हता, हात घेतला होता. क्लाइडचा ठेका शिकून स्वतः वाजवणारे ड्रमर हजारो आहेत, ते काहीच देणं लागत नाहीत. पण त्याची रेकॉर्डिंग उचलली, तर त्या हातांचं काहीतरी देणं लागतं. पैसे जमत नसतील तर निदान नाव. क्लाइड मुलाखतींमध्ये साधारण हेच म्हणायचा. पैशाचं सोडा, पण नाव तरी द्या.

आपल्याकडे काय?

आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यात ‘परफॉर्मर’ची व्याख्या मजेशीर आहे. त्यात गायक, वादक, नर्तक आहेतच, शिवाय डोंबारी, जादूगार आणि चक्क गारुडीही आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर परफॉर्मन्सच्या व्यावसायिक वापरातून रॉयल्टी मिळण्याचा हक्क परफॉर्मरला दिला गेला. कागदावर वादक त्यात येतो. पण कागदावर असणं आणि हातात पडणं यात किती अंतर असतं, हे वेगळं सांगायला नको. अमुक गाण्यात ढोलकी कुणी वाजवली, हे कुठेही लिहिलेलंच नसेल, तर हक्क सांगणार कोण? आत्ता तुमच्या प्लेलिस्टमधलं कुठलंही गाणं उघडा. गायक दिसेल, संगीतकार दिसेल. ड्रम, ढोलकी, ढोल कुणाचा, ते सापडतंय का बघा.

म्हणून तुमच्यापैकी जे बीट्स बनवतात, रील्सना म्युझिक लावतात, त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. दुसऱ्याची रेकॉर्डिंग घेताय, तर परवानगी कुणाची लागते ते आधी बघा. आणि एखाद्या मित्राने तुमच्या ट्रॅकवर ताशा, ढोलकी, काहीही वाजवलं असेल, तर क्रेडिटमध्ये त्याचं पूर्ण नाव लिहा. टाइप करायला सात सेकंदही लागत नाहीत.

ऐकायला काय?

हेडफोन लावा. आधी ‘आमेन, ब्रदर’ ऐका, मग ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’. त्यानंतर ‘फंकी ड्रमर’, मोठी आवृत्ती, आणि लगेच ‘फाइट द पॉवर’. फोनच्या स्पीकरवर नको, घोस्ट नोट ऐकूच येणार नाहीत.

आणि एखाद्या गाण्यात वादकाचं नाव शोधून सापडलं, तर आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात ती नावं वाचून दाखवू. तोवर, भेटूया!